दोन अजानांच्या मधली आग

टीव्हीवर रोजा सोडायची तोफ उडाली आणि हातिमचा हात खजुराकडे गेला.

"हात मागे घे," त्याची मोठी बहीण दालिया म्हणाली. "ती कैरोची आहे."

हातिमने हात मागे घेतला, पण तोंड वाकडं करायचं ते केलंच. हे त्याचं रोजचं रडगाणं होतं. टीव्हीवर अजान होते ती कैरोची. अलेक्झांड्रियात सूर्य पाच-सात मिनिटं उशिरा बुडतो. त्यामुळे अख्खं शहर भरल्या ताटासमोर बसून टीव्हीतल्या माणसांना पाणी पिताना बघत राही, आणि कोपऱ्यावरच्या मशिदीतून आपली अजान ऐकू येईपर्यंत घास उचलत नसे. कैरोच्या पोरांनी असं काय मोठं पुण्य केलंय, असं हातिम रमजानच्या पहिल्या दिवसापासून विचारत होता. नऊ वर्षांचा होता, पहिल्यांदाच पूर्ण रोजे धरत होता आणि दिवसही जुलैचे होते. त्याची चूक नव्हती.

खजूर हातात धरायला मात्र बंदी नव्हती. त्याने एक मोठासा खजूर निवडला, ओठांपाशी आणला आणि मशिदीकडे कान लावून बसला.

तेवढ्यात वरून आरोळी आली. "आग! गच्चीवर आग लागलीय!"

घरातले सगळे जिन्याकडे धावले. ते तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा कुठे मशिदीतून अजान सुरू झाली. खजूर अजून हातिमच्या मुठीत तसाच होता.

गच्चीवर हाजी मितवल्लींचा कबुतरखाना पेटला होता. हाजी म्हणजे इमारतीचे मालक, आणि कबुतरं म्हणजे त्यांचा जीव. खुराड्यातलं गवत आणि फळ्या धडधडत होत्या. सगळ्यांच्या पुढे लबीब सर होते, सदरा भिजलेला, हातात बादली. दार उघडून त्यांनीच पाखरं सोडली, त्यांनीच ओरडून लोक गोळा केले. ते नसते तर शेजारची खोलीही गेली असती. त्या खोलीत इमारतीचे दारवान इद्रीसकाका राहत, आणि त्यांची मुलगी सकीना. सकीना दालियाच्या वर्गात होती, आणि वर्गाबाहेरही दोघी कधी एकमेकींना सोडत नसत.

आग विझली. कबुतरं मात्र वर घिरट्या घालत राहिली, खाली येईनात. हाजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग खोलीच्या दाराशी ठेवलेल्या इद्रीसकाकांच्या रॉकेलच्या स्टोव्हकडे पाहिलं.

इद्रीसकाकांनी परोपरीने सांगितलं. खाली रस्त्यावर वाटसरूंसाठी इफ्तारची ताटं मांडत होतो, पाण्याचा माठ न्यायला तेवढा वर आलो आणि लगेच खाली गेलो. स्टोव्ह पेटवलाच नव्हता.

"म्हणजे शेवटी गच्चीवर तूच होतास," हाजी म्हणाले. "ईदपर्यंत खोली खाली कर. आसवानची गाडी रोज सुटते."

सकीना भिंतीला टेकून उभी होती. आसवानपलीकडच्या तिच्या गावात मुलींची शाळा चौथीपर्यंतच होती.

*

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दालिया, हातिम आणि सकीना गच्चीवर जमली. मोठी माणसं त्या वेळी पंख्याखाली आडवी झालेली असत. जळक्या लाकडाचा वास अजून गेला नव्हता. दालियाने बाही मागे सारली, कमरेवर हात ठेवले आणि ती खुराड्याभोवती फिरू लागली. ही चाल कुणाची, ते सांगायची गरज नव्हती. त्या रमजानात रोज इफ्तारनंतर टीव्हीवर इन्स्पेक्टर वगदीची जुनी मालिका पुन्हा दाखवत होते, आणि त्या तासाला रस्त्यावर मांजरही दिसत नसे.

"वगदीचा पहिला नियम," दालिया म्हणाली. "जो सगळ्यांत जास्त मदत करतो, त्याच्यावर नजर ठेवायची."

"मग लबीब सर," हातिम म्हणाला.

दोघी मुली त्याच्याकडे अशा बघायला लागल्या की तो गप्पच झाला. लबीब सर पाचव्या मजल्यावर राहत, शाळेत अरबी शिकवत. रमजानात जिन्यात चेंडूचा आवाज आला तरी बाहेर येऊन रोज्याचं महत्त्व समजावत, तेही चेंडू हातात घेऊन, आणि समजावून झालं तरी चेंडू परत देत नसत. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे मशिदीच्या मिनारावर संशय घेण्यासारखं होतं.

सकीना मात्र वैतागली होती. "ही मालिका नाहीये, दालिया. मालिकेत पहिल्या पाच मिनिटांत कोणी केलं ते दाखवून टाकतात. मग आपण आरामात गोड कतायेफ खात बघतो, वगदी त्याला कसा पकडतो ते. इथे तो पहिला भाग आपल्याला कोणी दाखवलाय?"

ते खरंच होतं. दालियाचे हात कमरेवरून खाली आले. वगदी कधीच चुकत नसे, कारण बघणाऱ्यांना आधीच सगळं ठाऊक असे. इथे कोणालाच काही ठाऊक नव्हतं आणि ईद आठवड्यावर आली होती.

तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून हातिमने हाक मारली. टाकी आणि भिंत यांच्या फटीत एक सिगारेट पडली होती. थोटूक नव्हे, जवळपास अख्खी. दोनच झुरके मारून कोणीतरी ती टाचेखाली चिरडली होती. शेजारी काडी मात्र नव्हती, आणि तिथून हात लांब केला की खुराड्यातलं जळकं गवत लागत होतं.

आग अजानीआधी लागली होती. त्या वेळी सिगारेट कोण ओढणार? सगळी इमारत रोज्यात होती.

"सगळी नाही," हातिम हळूच म्हणाला.

दुसऱ्या मजल्यावरच्या मादाम इवेट ख्रिस्ती होत्या, आणि सिगारेटशिवाय त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं. सकीनाचा चेहरा उतरला. तिच्या तापात रात्र रात्र उशाशी बसलेली बाई होती ती. बापाला वाचवायला तिचं नाव घ्यायचं का, हे तिला कळेना. तिने ती सिगारेट परत फटीत टाकायला हात पुढे केला. दालियाने तो धरला आणि म्हणाली, आधी विचारू तरी.

मादाम इवेटनी सिगारेट बघितली, मग तिघांकडे बघितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त खुर्चीत बसल्या.

"चाळीस वर्षं मी या इमारतीत राहते," त्या म्हणाल्या. "रमजानात मी गच्चीवर काय, बाल्कनीतसुद्धा ओढत नाही. तुम्ही लोक दिवसभर कोरड्या घशाने बसणार आणि मी तुमच्या नाकाखाली धूर सोडू? मोरीची खिडकी लावून ओढते. आणि पोरांनो, मी सिगारेट अर्धी टाकत नाही. ही टाकणारा घाबरलेला होता."

दालियाला शरमेने मान वर करवेना. मादामनी त्यांना दारापर्यंत सोडलं, सकीनाच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, माझं नाव घेऊन तुझ्या वडिलांची खोली वाचत असेल तर खुशाल घे. सकीना जिन्यात पोचेपर्यंत रडली नाही. तिथे मात्र तिला आवरेना.

"घाबरलेला," दालिया पुटपुटली. "कशाला घाबरलेला? इद्रीसकाका माठ न्यायला वर येत होते, त्यांच्या पावलांना. म्हणजे त्याला आगीची भीती नव्हतीच. आग तर अजून लागायची होती. त्याला भीती होती ती सिगारेट दिसायची."

*

दोन दिवसांनी दुपारच्या नमाजानंतर हाजींनी सगळ्यांना तळमजल्यावर बोलावलं. नव्या दारवानाचं ठरवायचं होतं. इद्रीसकाका आपल्याच बाकाशी परक्यासारखे उभे होते. सकीनाने पुस्तकं दोरीने बांधून ठेवली आहेत, हे दालियाने सकाळीच पाहिलं होतं.

हाजींनी आधी लबीब सरांचे आभार मानले. लोकांनी माना हलवल्या. सर म्हणाले, हे तर माझं कर्तव्यच होतं. ते बोलत होते हाजींशी, पण इद्रीसकाकांकडे एकदाही बघत नव्हते. दालियाच्या ते लक्षात आलं. हातिमचं परवाचं बोलणं तिला आठवलं. लबीब सर? पण मिनारावर संशय कसा घ्यायचा?

ती पुढे झाली. "सर, तुम्ही कसं वाचवलंत ते पुन्हा सांगा ना. वगदी विचारतो तसं. उलटं."

मोठी माणसं हसली. वगदीची ती युक्ती घराघरांत चालली होती. तो कोणावर आरोप करत नसे, फक्त गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावी. घरोघरी नवरे बाजारातून उशिरा आले की बायका हेच करत. हाजीही हसले. म्हणाले, सांगा सर, पोरांना तेवढीच मजा.

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. पण सगळे बघत होते, आणि कौतुक कोणाला नको असतं?

"बादली ओतली," ते म्हणाले. "त्याआधी कबुतरं सोडली. त्याआधी जिना चढलो. त्याआधी आरोळी दिली."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी धुराचा वास आला. खिडकीत उभा होतो, सिगारेट ओढत."

"त्याआधी?"

"पाणी प्यायलो, खजूर खाल्ला. बायको माहेरी आहे, एकटाच होतो."

"त्याआधी?"

"त्याआधी अजान झाली."

"कुठली, सर?" दालियाने विचारलं.

सर रुमालाची घडी घालू लागले. काहींना अजून उमगलं नव्हतं. हातिम मध्ये घुसला. त्याला एवढा वेळ गप्प राहणं जड गेलं होतं. "तुमची आरोळी आली तेव्हा माझा खजूर हातात होता, सर. आपली अजान व्हायची होती. मी कान लावूनच बसलो होतो. मी कधी चुकत नाही त्यात."

आता कोणी हसत नव्हतं. एकेकाला आठवत गेलं. कोणाचा पेला भरलेला होता, कोणाचा चमचा ताटात होता. सगळे उपाशीच धावले होते. आणि सर म्हणत होते, खाऊन, पिऊन, सिगारेट ओढून झालं होतं.

मालिकेत या ठिकाणी गुन्हेगार मान खाली घालतो, संगीत वाजतं आणि वगदी टोपी उचलतो. इथे काहीच झालं नाही. लोक आपल्या चपलांकडे बघत राहिले. सर म्हणाले, मी विसरलो असेन, वेळेत गोंधळ झाला असेल. हाजी घुटमळले. पाच वेळा नमाज पढणारा मास्तर, आणि समोर बारा वर्षांची पोर. आता सगळं निसटणार, असं दालियाला वाटलं. तिच्या मुठीत ती चिरडलेली सिगारेट होती. मूठ उघडायची, की झालं. पण सरांचा चेहरा तिने पाहिला आणि मूठ उघडवेना.

मग सकीना बोलली. ती दोन दिवसांत पहिल्यांदाच बोलत होती.

"सर, तुमच्या रोज्याचं कोणी काही विचारत नाहीये. पण मला शाळा सोडावी लागेल."

सर तिच्याकडे बघत राहिले. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, कविता तोंडपाठ म्हणणारी मुलगी होती ती. त्यांनी चष्मा काढला.

"कैरोची अजान ऐकली," ते अगदी हळू म्हणाले. "मनाला म्हटलं, कुठेतरी तर सूर्य बुडालाय. खजूर खाल्ला, पाणी प्यायलो. खिडकीतून शेजारी वास जाईल म्हणून सिगारेट घेऊन गच्चीवर गेलो. इद्रीसची पावलं ऐकून टाकीमागे लपलो. काडी कुठे टाकली ते बघितलंही नाही. तो खाली गेला आणि मागून धूर आला." मग ते इद्रीसकाकांकडे वळले. "रोजा माझा आणि अल्लाहचा, ते मी त्याच्याशी बघून घेईन. पण आग मी तुझ्या माथी मारली, इद्रीस. ते तुझ्याशीच बघायला हवं."

इद्रीसकाकांनी बाक पुसला आणि म्हणाले, बसा सर, उभे नका राहू.

हाजींनी सगळ्यांसमोर इद्रीसकाकांची माफी मागितली, आणि ते माफी मागणाऱ्यांतले नव्हते. दालियाला म्हणाले, पोलिसात जा तू, वगदीची नोकरी जाईल. मादाम इवेट मागे उभ्या होत्या. तिघांना त्यांनी जवळ घेतलं आणि पोरांनी आपल्यावर संशय घेतला होता, हे कोणालाही सांगितलं नाही. सिगारेट दालियाने गटारात टाकून दिली. हातिमला ते अजिबात पटलं नाही. वगदी पुरावा टाकत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

त्या संध्याकाळी इफ्तार गच्चीवर झालं. दुपारभर लबीब सर हातोडी घेऊन खुराड्याला नव्या फळ्या ठोकत होते. तीन फळ्या वाकड्या बसल्या, पण कोणी बोललं नाही. सकीनाने पुस्तकांची दोरी सोडून ती फळ्या बांधायला दिली होती. खालच्या घरातून टीव्हीवरची तोफ ऐकू आली. हातिमचा हात खजुराकडे गेला आणि सवयीने थांबला.

लबीब सर त्याच्या शेजारी बसले होते. त्यांनी आपला खजूर ताटात ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"तुझे कान तिखट आहेत," ते हातिमला म्हणाले. "आपली झाली की मला सांग."

हातिमने मशिदीकडे तोंड केलं आणि सगळी गच्ची त्याच्याकडे बघत थांबली.