दहावी बाटली

बूट सगळ्यांनी बाहेरच ठेवलेत ना? उद्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्या? बरं. मग बसा. मघापासून तुम्ही तिघं 'काका, एखादी भुताची सांगा' म्हणून मागे लागलाय. भुताची मला येत नाही. घडलेली एक सांगतो. त्यातली अर्धी माझ्या डोळ्यांदेखतची. उरलेली ज्याच्यावर गुदरली त्याने मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितली, आणि तो थापा मारणारा माणूस नव्हता. थापा मारायला जेवढं बोलावं लागतं तेवढं तो बोलतच नसे.

मी तेव्हा प्रयोगशाळेचं भांडार सांभाळत होतो. बाटल्या, चाळण्या, ब्रश, स्पिरिट, सगळं माझ्या ताब्यात. आणि वरच्या मजल्यावर, पूर्वेकडच्या खोलीत, तो बसायचा. आम्ही त्याला 'तीनशे' म्हणायचो.

म्हणजे काय, तर तुम्ही उद्या जे करणार तेच. ओहोटीला खाडीत उतरायचं, गाळात नळा ठोकायचा, गाळाची अख्खी कांडी वर काढायची. तिच्या एकेक सेंटिमीटरच्या चकत्या करून बाटल्यांत भरायच्या. त्या गाळात खसखशीपेक्षाही बारीक शिंपले असतात. एका पेशीचा जीव, आणि स्वतःभोवती घर बांधून राहतो. चाळायचं, चौकटी आखलेल्या काळ्या ताटलीत पसरायचं, मायक्रोस्कोपखाली एकेक ओळखून ब्रशने उचलायचं आणि मोजायचं. एका नमुन्यातून तीनशे. उजव्या हातात ब्रश, डाव्या हातात मोजणीयंत्र. अंगठा दाबला की टिक. हा माणूस एकोणीस वर्षं तेच करत होता. त्याला दुकानात अर्धा डझन केळी आणायला पाठवलं तर तीनशे घेऊन येईल, अशी आमची थट्टा. तोही हसायचा. तेव्हा हसायचा.

त्याचा धाकटा भाऊ आमच्याच होडीवर होता. नळा ठोकणं, चकत्या कापणं, सगळं तोच करी. एकदम उलट स्वभाव. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. पावसाळ्यात होडी बंद असली की वर येऊन भावासमोर बसायचा. त्या खोलीत नवशिक्यांना शिकवायला आणलेला एक दुतोंडी मायक्रोस्कोप होता. समोरासमोर दोघांनी बसायचं, दोघांना एकच ताटली दिसते. पलीकडच्या बाजूला एक बटण आणि एक खुंटी. बटण दाबलं की ताटलीवर उजेडाचा हिरवा बाण दिसतो, खुंटी फिरवली की तो सरकतो. धाकटा बाणाने दाखवायचा, "दादा, हा राहिला." थोरला उचलायचा. टिक. "दादा, म्हातारा झालास, हा पण राहिला." टिक.

तर तो धाकटा खाडीत गेला. डिसेंबरात. सुट्टीचा दिवस होता. एकटाच होडी घेऊन गेला, दुपारच्या ओहोटीला. संध्याकाळी होडी सापडली, चिखलाच्या उंचवट्यावर बसलेली. आत दहा बाटल्यांची पेटी बाकाला नीट बांधलेली. झाकणं घट्ट, चिठ्ठ्या लिहिलेल्या, स्पिरिट घातलेलं, रंग घातलेला. तो मात्र नाही. चार दिवस शोधलं. काही म्हणजे काही नाही.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, सुट्टीच्या दिवशी याला कोणी पाठवलं? सगळे गप्प. कागदावर लिहिलं गेलं, 'परवानगी न घेता, स्वतःच्या मर्जीने.' घरी बायको आणि सहा वर्षांची मुलगी. गावात लोक म्हणायला लागले, अतिशहाणपणा नडला. त्याच्या बायकोच्या तोंडावर म्हणायचे.

तीनशे मात्र शोध थांबला त्याच्या तिसऱ्या दिवशी कामावर आला. पेन्सिलींना टोक केलं आणि मोजायला बसला. रडला नाही. चिडला नाही. 'जेवलास का' विचारलं तर घड्याळाकडे बघायचा, म्हणजे घड्याळावरून कळेल तसा. एकदा गरम पाण्याच्या भांड्यावर हात पडला, फोड आला, तरी त्याच हाताने ब्रश धरून बसलेला. मीच ओरडलो तेव्हा हाताकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. भावजयीकडे रविवारी जायचा. दारात सामानाची पिशवी ठेवायचा आणि परत यायचा. अकरा महिने असे गेले.

मग नोव्हेंबरात साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "त्या जागेचे आकडे नाहीत म्हणून अहवाल अडलाय. ती पेटी थंड कपाटातून काढा आणि वर देऊन या."

मी म्हटलं, "साहेब, त्यालाच द्यायची?"

"दुसरं कोण मोजणार?"

मी पेटी वर नेली. टेबलावर ठेवली. त्याने चिठ्ठ्यांकडे पाहिलं. भावाचं अक्षर, पेन्सिलीचं, तिरकं. मला म्हणाला, "चाळण्या धुतलेल्या आहेत ना?" बस्स, एवढंच.

रंगाचं तुम्हाला माहीत आहे. बाटलीत आपण रंग घालतो तो जिवंत जिवाला चढतो. नळा काढला त्या वेळी जो जिवंत होता तो शिंपला गुलाबी. आधीच मेलेला तो पांढरा. पहिल्या बाटलीत, म्हणजे वरच्या थरात, तीनशेत सत्तर गुलाबी निघाले. दुसरीत चाळीस. पुढे कमी कमी होत सहावीत शून्य. सगळं जसं असायला हवं तसंच. दिवसाला दोन बाटल्या. चार दिवसांत आठ, पाचव्या दिवशी दुपारी नववी झाली. उरली एक, सगळ्यात खालच्या थराची.

त्या दिवशी मंगळवार. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीचा मंगळवार. अहवाल बुधवारी जायचा होता. मी सहा वाजता भांडाराला कुलूप लावलं, वर डोकावलो. म्हटलं, "सकाळी कर की."

म्हणाला, "एकच आहे."

मी घरी गेलो. आता पुढचं त्याच्या तोंडचं.

साडेसात वाजता त्याने ताटली मायक्रोस्कोपखाली लावली. इमारतीत कोणी नाही. खोलीत टेबलावरचा दिवा तेवढा. दुसरा मायक्रोस्कोप दुरुस्तीला गेलेला, म्हणून दुतोंडीवरच बसला होता. समोरचं स्टूल रिकामं. बाणाचं बटण बंद.

एकशे चाळीसपर्यंत मोजलं. सगळे पांढरे.

एकशे एकेचाळिसावा उचलला आणि ताटलीच्या कडेला काहीतरी हिरवं दिसलं.

त्याला वाटलं, डोळा थकलाय. डोळे मिटले. उघडले.

बाण होता.

हलत नव्हता. कडेच्या चौकटीत, एका शिंपल्यावर टेकलेला. ती चौकट त्याने मघाशीच संपवली होती. तो शिंपला राहिला होता.

"मग तू वर बघितलं असशील," मी त्याला विचारलं. "समोर कोण आहे ते."

म्हणाला, "नाही बघितलं."

"का?"

 मग म्हणाला, "समोर कोणी नसतं तर?"

… … …

हं. तर त्याने वर बघितलं नाही. ब्रश नेला. शिंपला उचलला.

टिक.

बाण सरकला. पुढच्या चौकटीत. एका दाण्यामागे दडलेला बारीकसा शिंपला. टिक. मग तिसरा. टिक. भीती वाटली का, विचारलं मी. म्हणाला, काहीच वाटलं नाही. हात चालत होता. बाण दाखवायचा, हा उचलायचा. दीडशे. दोनशे. खोलीत गार झालं होतं, एवढं आठवतं म्हणाला. आणि वास. ओहोटीला गाळ उघडा पडतो तेव्हा येतो, तो.

दोनशे सत्तर.

दोनशे नव्वद.

समोरून श्वासाचा आवाज येत नव्हता. पण खुंटी फिरते तो आवाज येत होता. कुर्र… कुर्र…

दोनशे नव्याण्णव.

बाण पुढे गेला. थांबला.

त्या चौकटीत काही नव्हतं. काळी, रिकामी चौकट. मधोमध हिरवा बाण.

त्याने भिंग जवळ केलं. लांब केलं. काही नाही.

"नाहीये तिथे काही," तो म्हणाला. मोठ्याने. संध्याकाळपासूनचे पहिले शब्द.

बाण तिथेच.

"काही नाहीये रे…"

बाण तिथेच.

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही. अंगठा मोजणीयंत्रावर. दाबता येईना. सोडता येईना. आणि मग म्हणे तोंडातून आपोआप निघालं. डोळा भिंगाला लावलेलाच.

"मी पाठवलं होतं तुला."

बाण हलला. थोडासा. थरथरल्यासारखा.

"आधीच्या बाटल्यांत स्पिरिट घालायला मी विसरलो होतो. नमुना कुजला. साहेबांना कळू नये म्हणून… सुट्टीच्या दिवशी… कोणाला सांगू नकोस म्हणालो. तू हसलास. चौकशीत मी गप्प बसलो."

बाण पुन्हा थांबला.

"मी गप्प बसलो."

बाण सरकायला लागला. सावकाश. एक चौकट… दुसरी… ताटलीच्या कडेला गेला. कडेवर जरा थांबला. विझला.

मग समोर आवाज झाला. फार बारीक. स्टुलावरून माणूस उठला की गादीत हवा भरते ना… फुस्स… तसा.

त्याने मान वर केली नाही. उजाडेपर्यंत.

मी सकाळी साडेसातला गेलो तर तो तसाच. पापण्यांभोवती भिंगाचे वळ. तक्त्यावर दहाव्या बाटलीपुढे लिहिलेलं, दोनशे नव्याण्णव. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी बसलो, त्याने हे सगळं सांगितलं, बाजारभाव सांगावा तशा आवाजात. मग म्हणाला, "तुम्ही माझ्याबरोबर चला. तिच्याकडे जायचंय. एकट्याने गेलो तर पिशवी ठेवून परत येईन."

गेलो आम्ही. ती दारातल्या खुर्चीवर बसून मुलीची वेणी घालत होती. शाळेची वेळ. तो उंबऱ्यापाशी उभा राहिला आणि सगळं बोलला. स्पिरिट, कुजलेला नमुना, चौकशी, सगळं. मुलगी ऐकत होती. आईने वेणी थांबवली नाही.

रिबीन बांधून झाली तेव्हा म्हणाली, "मला माहीत होतं, दादा."

"तो सांगून गेला होता?"

"नाही. पण सुट्टीच्या दिवशी तो अंथरुणातून तुमच्याशिवाय कोणासाठी उठला असता?" तिने मुलीचा खांदा धरून तिला उभं केलं. "अकरा महिने वाट बघितली. आज बोलतील, पुढच्या रविवारी बोलतील. तुम्ही आपले बटाटे ठेवून जायचात."

तो उभाच.

"आता साहेबांना लिहून द्या," ती म्हणाली. "तुमच्या हाताने. लोक हिला शाळेत काय काय म्हणतात, माहितेय? आणि हिला सोडून या शाळेत. मला उशीर होतोय."

त्याने मुलीचा हात धरला. फाटकापर्यंत गेले दोघं. तिथे मी बघितलं, त्याचे खांदे हलत होते. मुलगी खालून त्याच्या तोंडाकडे बघत चाललेली. मी मागे राहिलो.

दुपारी त्याने लिहून दिलं. कागद बदलला. 'कामावर असताना' असं लिहिलं गेलं. त्याला नोकरीवरून काढलं. टेबल पुसून त्याने चावी माझ्याकडे दिली आणि गेला. मुलीला मात्र रोज तोच शाळेत पोचवायचा. आता ती कॉलेजात आहे.

झालं. एवढीच.

काय? नाही, भास म्हणा. मीही तसंच म्हटलं असतं. अकरा महिने झोप नसलेला माणूस, रात्र, रिकामी इमारत. म्हणा खुशाल.

फक्त एक. त्या बुधवारी शाळेकडून परत आल्यावर मी ती खोली आवरायला घेतली. पलीकडच्या बाजूची भिंगं पुसायला गेलो, तर डाव्या भिंगाच्या आत पाणी. काचेच्या आत. बाहेरून कोरडं ठणठणीत. थेंबभर गढूळ पाणी, वर सरळ रेघ. कारागीर बोलावला. त्याने नळी उघडली, आत कोरडं. बंद केली, पाणी. दोनदा उघडली. तिसऱ्यांदा त्याने हात लावला नाही, पैसेही घेतले नाहीत.

सकाळी मी पाहिलं होतं तेव्हा ते तळाशी होतं. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं, तर अर्ध्यावर. चहाच्या वेळी भिंग पूर्ण भरलेलं. संध्याकाळी कुलूप लावायला गेलो तेव्हा पुन्हा उतरत होतं.

भरती-ओहोटीचा तक्ता तिथेच भिंतीवर टांगलेला होता. हाताच्या अंतरावर.

मी ताडून बघितलं नाही.