बिनकांद्याचा मांगू

सिंधुबाईंच्या पाटीतल्या कच्च्या केळ्यांच्या शेवटच्या फणीला मी आणि एका अनोळखी तरुणाने एकदमच हात घातला. नाशिक रोडचा बसस्टॉप, ऑक्टोबरचा उकाडा, आणि माझी देवळाली कॅम्पची बस समोर येऊन उभी. बस चुकेल, केळी जातील, घरी मम्मी बोलेल… मला सगळ्या काळज्या एकाच वेळी करता येतात. त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

"तुम्ही काय करणार यांचं?" त्याने फणी न सोडता विचारलं.

"वेफर्स. मम्मीच्या उपवासाला. आणि तुम्ही?"

"मांगू."

मला वाटलं, चेष्टा करतोय. तर नाही. तिकडे, अमेरिकेच्या खाली समुद्रात डोमिनिकन रिपब्लिक म्हणून देश आहे, तिथे सकाळी नाश्त्याला कच्ची केळी उकडून, लोणी घालून मऊ घोटतात आणि वर व्हिनेगरमध्ये परतलेला गुलाबी कांदा घालतात, हे सगळं त्याने पाटीसमोर उभं राहून मला सांगितलं. तो प्रवासी जहाजावर कुक होता आणि सुट्टीवर आला होता. तिकडची केळी चांगली हातभर असतात, इथल्यांवर भागवावं लागतं, असंही म्हणाला. तोवर माझी बस निघून गेली.

"गेली का तुमची?"

"तुमच्यामुळे."

"मग अर्धी फणी तुमची. दंड समजा."

सिंधुबाई सायखेड्याहून रोज माल घेऊन येतात आणि तोंडाच्या लय फटकळ. त्या म्हणाल्या, केळी घ्या नायतर बाजूला सरका, गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा नाय. आम्ही बाजूला सरकलो, ते थेट पुढच्या बसमध्ये शेजारी-शेजारी बसलो. त्याचं नाव शेखर. राहायला आमच्याच कॅम्पमध्ये, त्याच्या लतामावशीकडे. मी नाशिक रोडला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. त्यानंतर माझ्या सुटण्याच्या वेळी त्याचं नाशिक रोडला रोज काही ना काही काम निघायला लागलं.

एका रविवारी लतामावशींनीच मला मांगू खायला बोलावलं. मावशी टीव्हीसमोर बसल्या आणि आम्ही ओट्याशी. केळी सोलण्याआधी त्याने माझ्या तळहातांवर तेल ओतलं. कच्च्या केळ्याचा चीक लागला की बोटं काळी होतात, डाग आठवडाभर हलत नाहीत, असं तो समजावून सांगत होता. मला हे लहानपणापासून माहीत आहे. पण तेल तो ओतत होता, म्हणून मी दोन्ही हात पुढे धरून ऐकत राहिले.

केळी उकडली. गरम असतानाच घोटायची, त्यांचंच पाणी थोडं थोडं घालत. थांबलं की घट्ट होतात आणि गाठी धरतात. मी मॅशर चालवत होते, तो पाणी घालत होता.

"कोणी शिकवलं हे?"

"रोसाने."

माझा हात थांबला. "…कोण रोसा?"

"जहाजावर माझ्या शेजारी उभी असते. थांबू नका, गाठी होतील."

"वय काय तिचं?"

त्याने हसू दाबलं. "नातवंडं आहेत तिला. आता घोटाल का?"

मी घोटलं. इतकं घोटलं की तो म्हणाला, एवढा मऊ तर रोसालाही जमत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला तो आवडला होता, आणि मला एखादी गोष्ट आवडली की ती जाणार, हे मी आधीच धरून चालते.

दिवाळी झाली आणि खरंच जहाजावरून बोलावणं आलं. बुधवारी निघायचं, ते थेट पुढच्या पावसाळ्यात परत. बसमध्ये त्याने खिडकीबाहेर बघत सांगितलं.

"रविवारी येऊ का तुझ्याकडे?" पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"कशाला?"

"मागणी घालायला."

मला आनंद झाला, आणि आनंदाच्या मागोमाग काळजी लागली. कारण माझी मम्मी. पप्पा तोफखान्यात होते. वर्षातले बहुतेक महिने कुठे ना कुठे पोस्टिंगवर. माझे ताप, माझ्या शाळा, आजोबांचं आजारपण, सगळं मम्मीने एकटीने काढलं. घरात नसणारा जावई मला नको, हे ती मी कॉलेजात असल्यापासून सांगत आलीय. ती नाही म्हणाली असती, तर शेखर ते 'नाही' घेऊनच समुद्रावर गेला असता.

"पोरगी पोहे करते ना बघायला आल्यावर?" तो म्हणाला. "मी मांगू करतो. बघा म्हणावं मला."

रविवारपर्यंत मी सिलेंडर संपेल याची काळजी केली, केळी पिकतील याची केली, पप्पा फायरिंग रेंजच्या गोष्टी सुरू करतील याची केली. शेखर आला, स्वयंपाकघरात शिरला. मम्मी हॉलमध्ये हाताची घडी घालून बसली. त्याने ताट आणून तिच्यासमोर ठेवलं. मऊ पांढरट मांगू, शेजारी तळलेलं पनीर, आणि वर गुलाबी कांद्याचा ढीग.

मम्मीने ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आज चतुर्थी आहे, मैना."

सकाळी भिजवलेला साबुदाणा मी या डोळ्यांनी पाहिला होता. जगातली सगळी काळजी केली आणि कॅलेंडर तेवढं राहिलं. मला रडूच यायला लागलं.

शेखरने सबब सांगितली नाही. काकू, थोडा वेळ द्या, एवढंच म्हणाला आणि ताट उचलून आत गेला. चार केळी उरली होती. घाईत त्याने हाताला तेल लावलं नाही. मीही त्याच्या शेजारी उभी राहून तशीच सोलायला लागले. मम्मी दारात आली, कांद्याचं सगळं बाजूला ठेवायला लावलं आणि आपलं उपवासाचं पातेलं काढून दिलं.

"जिरं चालतं ना, काकू?"

"चालतं." जिऱ्याचा डबा पुढे करत ती म्हणाली, "तू जाशील जहाजावर. इथे वाट कोण बघणार?"

शेखर म्हणाला, "ही शेवटचीच खेप, असं खोटं नाही सांगणार, काकू. काम आहे माझं ते."

"मी बघेन," मी म्हणाले.

"तू? तुला कुकरची शिट्टी होईपर्यंत दम निघत नाही."

"काळजी करेन, मम्मी. रोज करेन. पण मला हाच पाहिजे."

हॉलमधून पप्पा हळूच म्हणाले, "उज्ज्वला, तूही बघितलीसच की."

"म्हणून तर सांगतेय," मम्मी म्हणाली. पण आवाज उतरला होता.

तुपाजिऱ्याचा गरम मांगू तिने ओट्याशी उभ्यानेच खाल्ला. आम्ही दोघं काळ्या बोटांनी बघत उभे. तिने वाटी चाटूनपुसून साफ केली, नळाखाली धुतली, पालथी घातली.

"कांद्याचा कसा लागतो?"

"उद्या येऊन करतो, काकू."

"उद्या नको. बॅग भर तू. परत आलास की मावशीला घेऊन ये." ती पदराला हात पुसत म्हणाली, "पोहे मी करते."

बुधवारी तो गेला. स्टेशनवर त्याने माझी बोटं हातात घेतली, डाग अजून तसेच होते, त्याचेही. हे जाईपर्यंत तरी काळजी करू नकोस, म्हणाला. मी हो म्हणाले आणि गाडी हलायच्या आत करायला लागले.

आता दर रविवारी मी केळी सोलते. तेलाची वाटी समोर असते, पण मी हाताला तेल लावत नाही. मम्मी माझी काळी बोटं बघते, आणि शनिवारी सिंधुबाईंकडून स्वतः जाऊन नवीन फणी घेऊन येते.