वायरकडची बाजू

रूपालीला या सगळ्यात मिळणार काय होतं, ते आधी सांगून टाकतो.

कानबाई.

सासू कमलबाई होती तोवर भाऊबंदांची कानबाई, खानदेशातली श्रावणातली देवी, तिच्याच घरी बसायची. ती गेली, आणि मोठी जाऊ ममता पदर खोचून तयार झाली. कानबाई ज्या घरात बसते, त्या घरची सून वर्षभर ताठ मानेने फिरते. दोघींनाही मान ताठच हवी होती.

"तुले एक तरी गानं येस का वं?" ममताने भर अंगणात विचारलं.

जागराची गाणी घरच्या सुनेने धरायची असतात, आणि तिला एकही येत नव्हतं. पण रूपालीचा नवरा भाग्येश सुरतेला नोकरीला जाण्याआधी आईच्या शेवटच्या जागराचं शूटिंग कॉम्प्युटरमध्ये ठेवून गेला होता. ते मोठ्या टीव्हीवर लावायचं, बायकांनी मागे म्हणायचं, काम फत्ते!

घडलं ते खरं आहे. म्हसावदला, गेल्या श्रावणात, कानबाईच्या आदल्या शनिवारी. रात्रही नव्हती, चांगली टळटळीत दुपार. रूपाली माझी मावसबहीण. आवाज न चढवता, कांदा चिरत चिरत तिने मला हे सांगितलं. म्हणून तर माझा विश्वास बसला.

टीव्हीला कॉम्प्युटर सापडेना.

तिने दुरुस्तीवाल्या योगेंद्रला फोन लावला.

"वहिनी, तुमना कम्प्युटरमा दोन रस्ता शेतस. एक वायफायना, एक जुना वायरना. टीव्ही वायफायवर शे, अन कम्प्युटर गाना वायरकडे धाडी ऱ्हायना."

"वायरकडे कोन शे मंग?"

"कोनीच नही!" तो हसला.

ती वायर मागच्या खोलीत जायची. सासूच्या खाटेसमोरच्या लहान टीव्हीला. तो टीव्ही कधीच भंगारात गेला होता.

रूपालीने स्क्रीनवर पाहिलं. वायरच्या रस्त्याचं जे कार्ड, त्यापुढे लिहिलं होतं, जोडलेले.

आणि त्याखाली...

आत्ता बघणारे : १.

ती मागच्या खोलीत गेली. पेंडीची पोती. भिंतीतून लोंबणारं वायरचं टोक, उंदरांनी कुरतडलेलं. पलीकडे काही नाही.

परत येऊन तिने कॉम्प्युटरच्या बाजूनेही वायर उपटली.

बघणारे... एकच.

घाबरलीस का, मी विचारलं. "नही," ती म्हणाली. आणि पुढचा कांदा घेतला.

"ते कार्डच बंद करी टाका," योगेंद्र फोनवरून म्हणाला. "दुसरा रस्ताच ऱ्हावाव नही."

तिने बंद केलं. एकाचं शून्य झालं.

मागच्या खोलीत खाट सरकल्यासारखा आवाज आला...

खाट तर दिवाळीलाच मळ्यात नेली होती.

टीव्हीवर मात्र जागर सुरू झाला. ढोलकी, टाळ्या, घामाघूम बायका, मधे कमलबाई. तिचे ओठ हलले...

आवाज नाही.

तिची ओळ कोरी गेली. मागच्या बायकांनी मात्र ती नीट झेलली. पुन्हा ओठ. पुन्हा शांतता. पुन्हा बायका.

"एकलीना आवाज कसा जाई, वहिनी? जाई तं सगळासना जाई," योगेंद्र म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

कार्ड पुन्हा चालू करावं, असं तिच्या मनात आलं. पण मग टीव्ही बंद पडला असता. आणि उद्या कानबाई होती.

तिने तसंच ठेवलं.

रविवारी रूपालीकडे कानबाई बसली, घर बायकांनी भरलं. टीव्ही लागला. कमलबाईचे ओठ हलले. खोली गप्प. ममता हसायच्या बेतात...

आणि गाणं आलं.

रूपालीच्या तोंडून.

शब्द तिला कधी येतच नव्हते. काहींचा अर्थ तर आजही सांगता येत नाही. पण जागर संपेपर्यंत एक ओळ चुकली नाही.

"कदी शिकनी वं तू?" ममताने विचारलं, आणि पुढच्या वर्षीही कानबाई इथेच, हे तिथेच ठरलं.

सोमवारी विसर्जन करून बायका नदीवरून परतल्या. भाग्येशचा फोन आला.

"हालो... रूपाली? आवाज येत नही."

"मी बोलस ना!"

"हालो...?"

फोन बदलला. सिम बदललं. शेजारणीच्या फोनवरून बोलून पाहिलं. कार्डही पुन्हा चालू केलं. समोर बसून बोललं की तिचं सगळं ऐकू येतं. फोनवर मात्र एक अक्षर पोचत नाही. तिथे तिच्या जागी नुसती शांतता.

भाग्येश अजून रोज फोन करतो. आपणच बोलतो, आपणच ठेवतो. तो बोलत असतो तोवर ती उत्तरं देत असते.

हिशेब मांडायचाच तर ममताचा मान गेला, आणि चार दिवस तणतणून ती मोकळी झाली. योगेंद्र आता त्या गल्लीतून गाडी घालत नाही, तेवढा त्याला फेरा पडतो. भरपाई केली ती रूपालीने, एकटीने, आपल्या आवाजाने.

ती भरपाई पोचली कुणाला, हे विचारायचं धाडस मात्र मला अजून झालेलं नाही...