सतरा नंबरला कोण हाय?

गहिनीनाथ, उद्यापासून दूध संघाच्या नेटच्या लाइनीचं काम तू बघणार म्हणं. बघ की. पण तुझ्या आधी तिथं केजचा भारत होता, त्याचं ऐकून जा. चौसाळ्याच्या त्या शीतकेंद्रावर मी तवा वाचमन होतो.

सोळा सालचा दुष्काळ. चैत्रातली अमावस्या, शुक्रवार. भारत रात्री नवा राउटर बसवायला आला. मला म्हणला, "मामा, हरेक मशीनला एक नंबर असतो. द्यायच्या आधी लाइनीवर विचारायचं, इथं कोणी हाय का? उत्तर आलं तर तो नंबर द्यायचा न्हाई. एका नंबरावर दोघं आले की भांडतात, एकाला बाहेर पडावं लागतं."

नव्या राउटरला द्यायचा नंबर सतरा. आधी तो केंद्रामागच्या विहिरीवर, पंपाच्या राउटरला होता. त्यातूनच करंट लागून पंपाचा ऑपरेटर कचरू मेलता. विहीर आटल्यावर मॅनेजर सुंदररावानं ते मशीन तिच्यातच फेकलं. कचरूच्या घरी साधं भेटायलाबी गेला न्हाई, मुर्दाड.

भारतनं विचारलं. उत्तर आलं.

"दुसरं कायतरी चालू असंल," म्हणला. एकेक वायर उपसली. शेवटी त्याच्या लॅपटॉपची तेवढी उरली. पुन्हा विचारलं.

उत्तर.

मी म्हणलं, "दुसरा नंबर दे, बाळा." त्यानं सुंदररावाला फोन लावला.

"सतराच दे, बे! सगळ्या मशीनी सतरालाच जोडल्यात. मेलेल्याला कशाला लागतोय नंबर? पहाटं दूध यायच्या आत लाइन चालू कर, न्हाईतर उद्या तोंड दाखवू नको."

भारत माझ्याकडं बघून म्हणला, "हे काम गेलं तर पुन्हा ऊसतोडीचा कोयता, मामा. बायको पोटुशी हाय."

दिला त्यानं सतरा. दिवा हिरवा झाला. मी गेटवर येऊन बसलो.

खिडकीतून दिवा दिसत होता. लाल झाला. हिरवा. पुन्हा लाल...

"मामा..." आतून भारतची हाक.

मी बॅटरी घेऊन उठलो.

आत गेलो. खुर्ची रिकामी. गेटातून कोणी गेलं नव्हतं...

सकाळी विहिरीत सापडला. बुडाशी, उकिडवा. जुना राउटर छातीशी धरलेला. ना वायर, ना करंट... अन् दोन्ही तळहात जळालेले. कचरूचे होते तसेच.

लाइन मात्र झकास चालू. "काम तर पुरं करून गेला," सुंदरराव म्हणला. दूध वेळेवर गेलं. दिवाळीनंतर भारतची बायको तान्हं लेकरू घेऊन कोयत्यावर गेली.

पुढं तो नवा राउटरबी काढला, मशीनी दुसऱ्या नंबरावर नेल्या. सतरा नंबर आता कोणालाच दिलेला न्हाई. उद्या विचारून बघ.

उत्तर येतं...

आता दोन येतात.