सीटमागची टाकी

"हात लावू नकोस त्या गाडीला!... माझा मुलगा गेलाय तिच्यात!"

अकरा वर्षांनी आई थोरलीशी बोलली, आणि बोलली ती हे! शेडच्या दाराची चौकट घट्ट धरून म्हातारी उभी होती. जुन्या पिकअपच्या कॅबिनमधून थोरली पान्ह्यासकट बाहेर वाकली.

उत्तर दिलं ते भाचीनं, धाकट्या भावाच्या मुलीनं. "मीच बोलावलंय आत्याला, आजी. बाबांची गाडी मला चालवायचीय. पण पेट्रोलची टाकी पाठीशी घेऊन नाही! आत्या ती काढून नवी टाकी मागं, माल ठेवायच्या हौद्याखाली बसवणार आहे."

त्या काळच्या पिकअपना टाकी कॅबिनमध्येच असायची, सीटच्या मागं. गॅरेज चालवणारी थोरली वडिलांना किती वेळा सांगून थकली होती, की टाकीच्या जोडाची शिवण झिरपतेय, टाकी बाहेर हलवू या! वडील हसण्यावारी न्यायचे. "इतकी वर्षं काही झालं का?" आणि मग ती थंडीची सकाळ... काचा बंद करून धाकटा निघाला, पेट्रोलच्या कोंडलेल्या वाफेनं त्याला घेरी आली, गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. गाडीचं नुसतं नाक चेपलं. धाकटा मात्र घरी आलाच नाही!

स्मशानातून परतल्यावर वडिलांनी थोरलीचे दोन्ही हात धरले होते. "तुझ्या आईला कळलं ना, तर मी जगणार नाही, पोरी..." त्या डोळ्यांत पाहवलं नाही तिला! आईसमोर जाऊन ती एवढंच म्हणाली, "टाकीचं झाकण मीच नीट लावलं नव्हतं." त्या दिवशी आईनं दार लावलं ते लावलंच. दोन वर्षांपूर्वी वडील गेले, तेही तोंड न उघडता. आणि थोरलीनं त्यांना फाटकाबाहेरून शेवटचं पाहिलं.

आता मान खाली घालून थोरलीनं सीट उचलली. सीटवर धाकट्याच्या बसण्याचा खळगा तसाच होता, आणि एकेक बोल्ट करकरत सुटताना कुणीतरी अगदी मानेजवळ श्वास घेतंय असं वाटून तिच्या अंगावर काटा येत होता... पट्टे सुटले, नळी निघाली. रिकामी केलेली टाकी भाचीच्या मदतीनं तिनं जमिनीवर ठेवली.

आई अजून तिथंच होती. ती एकेक पाऊल टाकत जवळ आली, वाकली. टाकीच्या शिवणीवर पिवळट, वाळका थर होता; त्यात अंगठ्याचे ठसे उमटलेले. थोरलीनं घाईघाईनं फडकं पुढं केलं, तोच आईनं तिचं मनगट धरलं.

"पुसू नकोस. काय आहे हे?"

"...साबण. गळती तात्पुरती थांबवायला चोळतात."

"तू तर म्हणाली होतीस, झाकण!"

आईचा चेहरा हळूहळू पांढराफटक पडत गेला.

"आदल्या दिवशी ह्यांनी साबणाची वडी मागून नेली होती... मीच काढून दिली! वाटलं, हात धुवायचे असतील..." ती मटकन खाली बसली. "त्यांना ठाऊक होतं! आणि तू... तू का नाही गं बोललीस?"

"एक मुलगा गेला होता, आई. त्यात बाबाही गेले असते, तर तुझं कोण उरलं असतं?"

"तू उरली असतीस गं!... तू उरली असतीस!"

आईनं टाहो फोडला आणि अकरा वर्षांची ती दोघींमधली भिंत आसवांत विरघळून गेली. भाचीही तोंडावर हात ठेवून रडत होती; जिच्यापासून लहानपणी तिला दूर ठेवलं, ती आत्या आज तिला पहिल्यांदा खऱ्या अर्थानं दिसत होती.

दुपार कलली तशी नवी टाकी हौद्याखाली चेसिसला पट्ट्यांनी आवळून बसली. आईनं मात्र तिकडं पाहिलंही नाही. कॅबिनमध्ये, सीटमागच्या त्या मोकळ्या जागेत हात घालून ती कितीतरी वेळ चाचपत राहिली. मग हळूच म्हणाली,

"त्यानं हाक मारली असेल का गं?"

ती हाक तर थोरली अकरा वर्षं रोज ऐकत होती!

"नाही आई," ती म्हणाली. "झोप लागावी, तसं झालं असेल त्याला."

लेक खोटं बोलतेय, हे आईला या वेळी कळलं. तिनं थोरलीचा तेलानं माखलेला हात ओढून आपल्या गालाशी धरला.