जोर कुणाचा

नवरा चहा प्यायला खाली गेला तेव्हा भर दुपार होती, आणि धाकटीला वाटत होतं, फार तर तासाभरात सगळं उरकेल. घरातली धाकटी सून, म्हणून ती सगळ्यांचीच धाकटी. बाळंतपण पहिलंच. सोबतीला नणंद होती, आणि घाबरली की तिच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही.

"वहिनी, जोर लाव! माझ्याशी भांडताना लावतेस तेवढा तरी लाव!"

धाकटीला हसू आलं, पण तेवढ्यात कळ आली आणि हसू घशातच राहिलं.

"ओरडण्यात ताकद घालवू नकोस," सिस्टर म्हणाली. "हनुवटी छातीला टेकव. श्वास रोखून धर. संडासला बसल्यासारखा खाली जोर लाव... हं, दिसतंय डोकं... लाव, लाव... गेलं परत आत."

असं किती वेळा झालं कोण जाणे. पंखा कुरकुरत होता, फिनेलचा वास डोक्यात चढला होता. पोटावरच्या पट्ट्यातून यंत्रावर बाळाचे ठोके ऐकू येत होते, आणि आता ठोक्याठोक्यात अंतर पडू लागलं. सिस्टरचा चेहरा उतरला. नणंद डॉक्टरांना बोलवायला धावली.

"आता सगळं तुझ्या हातात आहे, बाळा," सिस्टर धाकटीला म्हणाली.

धाकटीच्या हातात काहीच उरलं नव्हतं. मांड्या लटलटत होत्या, जीव मेटाकुटीला आला होता. तिचं मूल तिच्याच पोटात गुदमरत होतं आणि ती नुसती पडून होती. ती रडू लागली.

तेव्हा उशाशी, अगदी कानाजवळ, कुणी बाई हळूच म्हणाली, "दमलीस ना गं... सोड. मी लावते जोर."

उशामागे भिंत होती. सिस्टर तर पायांशी उभी.

"लावू...?"

"लाव," धाकटी पुटपुटली. "तू कुणी का असेनास... लाव."

मागून दोन गार हात तिच्या काखांखाली शिरले. पुढची कळ आली तेव्हा तिने काही म्हणजे काहीच केलं नाही. श्वाससुद्धा तिने रोखला नाही. तो कुणीतरी रोखून धरला. हनुवटी आपोआप छातीला टेकली, पोट दगडासारखं आवळलं, आणि तिच्या तोंडून निघालेला हुंकार तिचा नव्हता.

"शाब्बास!" सिस्टर ओरडली. "इतका वेळ कुठे लपवली होतीस एवढी ताकद?"

मुलगी झाली. खणखणीत रडली. डॉक्टर धापा टाकत दारात पोचले, त्यांच्यामागून नणंद डोळे पुसत आली. "चांगली वजनदार आहे हो," म्हणत सिस्टरने लेकीला दुपट्यात गुंडाळून धाकटीच्या हातांवर ठेवलं.

ऊब लागली, पण वजन लागेना. धाकटीने हात जरा सैल केले. मग आणखी जरा. लेक रडायची थांबली आणि मिटल्या डोळ्यांनी शांत पडून राहिली. धाकटीने घाबरून तिला छातीशी ओढलं. ती येईना.

"आण गं इकडे, आत्याला बघू दे," म्हणत नणंदेने दोन्ही हात घातले, ओढून पाहिलं आणि हसली. "अगं वहिनी, सोड की! किती घट्ट धरलंयस!"

धाकटीचे हात भीतीने आधीच चादरीखाली गेले होते.