अनुमन क्रमांक सतरा

वेंगुर्ल्याच्या त्या शाळेत आता कुठलीही नवी शिक्षिका एकटीनं पाठ आखत नसे. तिला एक अनुमन मिळे. अनुमन म्हणजे एखाद्या शिक्षकाच्या विचार करण्याच्या पद्धतीची संगणकानं घडवलेली प्रतिकृती. त्याच्या वर्गांचं वर्षानुवर्षं चित्रण करायचं. मूल अडखळलं की तो कोणता प्रश्न विचारतो, किती वेळ थांबतो, कुठे स्वतः गप्प राहून मुलांना बोलू देतो, हे सारं टिपायचं. त्यातून घडलेलं अनुमन नव्या शिक्षकाशी बोलायचं. मूळ शिक्षकाचं नाव गुप्त, आवाजही बदललेला. ओळख फक्त क्रमांकाची.

इरा पेडणेकरला सतरा क्रमांकाचं अनुमन मिळालं होतं, आणि हेमांगी तिरोडकरबाईंना इरा डोळ्यांसमोर नकोशी झाली होती.

कारण होती कस्तुरी. पाचवी-सहावीत ही मुलगी बाईंच्या वर्गात होती. दोन वर्षांत तिनं हजेरीपलीकडे शब्द उच्चारला नव्हता. सातवीत ती इराकडे गेली. इरानं मुलांना एवढंच विचारलं, "आपल्या विहिरी खारट का होताहेत, ते कसं शोधायचं?" मुलांनी गट पाडले, एकतीस विहिरींचं पाणी तपासलं, नकाशा केला. आणि नगरपरिषदेच्या सभागृहात तो नकाशा दहा मिनिटं कुणी समजावून सांगितला? कस्तुरीनं!

बाईंनीही टाळ्या वाजवल्या. मग शाळेत येऊन धुतलेला डबा पुन्हा खसाखसा घासला.

"छान झालं हं," त्या इराला म्हणाल्या.

"माझं काय बाई! सतरानं सुचवलं," इरा हसली. "काय माणूस असेल तो! एकदा भेटायला हवं."

त्या शनिवारी बाई प्रशिक्षण केंद्रात गेल्या. अनुमन घडवणाऱ्या डॉ. फरीदा मुकादम तिथेच बसत.

"ती मुलगी उसन्या डोक्यानं शिकवते," बाई म्हणाल्या. "आणि कौतुक तिचं होतं. हे सतरा आहे तरी कुणाचं?"

"दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही," मुकादम म्हणाल्या. "पण ज्याचं त्याला विचारण्याचा हक्क आहे." त्यांनी यादीतल्या क्रमांकावर बोट ठेवलं. "बाई, ते तुमचंच आहे."

नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत वर्गात कॅमेरे बसवले होते, संमतीचा कागद भरून घेतला होता. बाई ते पार विसरल्या होत्या. त्यालाही आता चौदा वर्षं झाली होती.

"मला बोलायचंय त्याच्याशी."

मुकादमांनी पडदा सुरू करून दिला. बाईंनी घसा खाकरला. "एक मुलगी वर्गात बोलतच नाही. काय करावं?"

"ती गप्प असते तेव्हा कुठे बघत असते?" सतरानं विचारलं.

बाईंना आठवेना.

"मधल्या सुटीत कुणाबरोबर बसते? तिला घरी कोणतं काम एकटीला करू देतात? एक दिवस पाठ बाजूला ठेवून नुसतं बघू या का?"

प्रत्येक प्रश्नाबरोबर बाईंचा चेहरा उतरत गेला. इराबद्दल वाटणारा मत्सर निदान समजण्यासारखा होता. तरुण होती, नवी होती. पण ही पडद्यावरची कोण, जी त्यांच्याच डोक्यानं विचार करत होती आणि त्यांच्यापेक्षा चांगली होती?

"मला संमती मागे घ्यायचीय," त्या एकदम म्हणाल्या.

"घेता येईल. पण पुसलं की परत येणार नाही. मूळ चित्रफिती नियमानुसार केव्हाच नष्ट केल्यात. शिवाय इरा मॅडम..."

"सही कुठे करायची?"

मुकादमांनी कागद पुढे केला.

मंगळवारी इरा वही घेऊन बाईंसमोर बसली. "बाई, सतरा बंद झालंय. कुणी संमती काढून घेतली म्हणे. उद्या गटचर्चा आहे, आणि कस्तुरी परत मागच्या बाकावर जाऊन बसलीय. तुम्ही तर दोन वर्षं तिच्या वर्गशिक्षिका होतात. तिला कसं पुढे आणू?"

खरं तर बाईंना हेच हवं होतं. कुणीतरी वही उघडून त्यांच्यासमोर बसावं.

"तिला... थोडा वेळ दे," त्या म्हणाल्या.

इरा पेन धरून वाट बघत राहिली. मग तिनं काहीच न लिहिता वही मिटली. "बरं बाई," ती आदरानं म्हणाली आणि उठून गेली.

बाईंनी रिकाम्या वर्गात जाऊन दार लावून घेतलं आणि मुकादमांना फोन लावला. "माझं अनुमन पुन्हा करता येईल? हवे तेवढे कॅमेरे लावा. मी तयार आहे."



"करता येईल, बाई," मुकादम हळूच म्हणाल्या. "पण ते आत्ताच्या तुमचं होईल."